फॉरमॅट मारा? कशाला?

आपल्याकडे कॉम्प्युटरच्या यच्चयावत रोगांवर एकच औषध आहे. 'फॉरमॅट मारा.' विंडोज अडकलं? फॉरमॅट. लिनक्स अडकलं? मग तर दुप्पट उत्साहाने फॉरमॅट, वर फुकटचा सल्ला, "ते लिनक्स-बिनक्स काढून टाका हो!"

गेल्या शनिवारी लालबागच्या काकांचा फोन आला. उबुंटू सुरू होताना लोगोवरच अडकतंय. त्याआधी ते मशीन लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात दाखवून आले होते. निदान अर्थात वरचंच. आता या डिस्कवर त्यांच्या चाळीचे वीस वर्षांचे फोटो. गणपती, होळी, गॅलरीत बसलेली मंडळी. चाळ पडून तिथे टॉवर उभा राहिलाय, म्हणजे पुन्हा काढू म्हटलं तरी ते मिळणार नाहीत. बॅकअप? नाव काढू नका.

गेलो. मशीन सुरू केलं, लोगो आल्यावर एस्केप दाबलं. बस्स, एवढंच. लोगो गेला आणि त्यामागे चाललेलं सगळं समोर आलं. एका डिस्कची वाट पाहणं चालू होतं, शेजारी सेकंद पळत होते, मर्यादा दीड मिनिट. म्हणजे मशीन हँग नव्हतंच! काकाच मिनिटभरात वैतागून बटण दाबून बंद करत होते.

"काका, यात दुसरी डिस्क होती का?"

"होती की. खराब झाली म्हणून मागच्या महिन्यात काढून घेतली."

झालं! सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या हे लिनक्स एफएसटॅब नावाच्या फाईलमध्ये बघतं. डिस्क गेली, तिची ओळ तशीच राहिली. पेनड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू चालवलं, आधी फोटोंची कॉपी काढली, मग त्या ओळीच्या सुरुवातीला एक हॅश टाकला. रीस्टार्ट. लॉगिन स्क्रीन हजर. काकूंचा दुसरा चहा यायचा होता.

दुकानदाराला शिव्या घालणं सोपं आहे. पण दोष शोधायला तासभर घालवला तर त्याचे पैसे त्याला कोण देतो? माझा राग आपल्या जमातीवर आहे. ऑफिसात सर्व्हर पडला की आपण लॉग उपसतो, 'रूट कॉज'वर दोन-दोन मीटिंगा झोडतो. आणि घरच्यांचं मशीन अडकलं की फोनवरून, टीव्ही बघत, "फॉरमॅट मार रे!" का? क्लायंटचा डेटा तो डेटा, आणि काकांचे फोटो म्हणजे कचरा?

कधी फॉरमॅट लागतोही, मान्य. पण तो उपाय झाला, निदान नव्हे. आधी मशीन काय म्हणतंय ते वाचा, मग कॉपी काढा, मग काय मारायचं ते मारा.

असो. पुढच्या रविवारी काकांना बॅकअप शिकवायचाय. ते जास्त कठीण आहे!