खिसा कोणाचा?

जून महिना आला की कपड्यांच्या दुकानांत गर्दी होते. गेल्या वर्षी मीही माझ्या भाच्याला आणि भाचीला घेऊन एका दुकानात गेलो होतो. भाच्याची खरेदी लवकर आटोपली. भाची मात्र एकेक कुर्ता हातात घेई, दोन्ही बाजूंनी चाचपून पाही आणि परत ठेवी.

मी विचारले, "रंग आवडला नाही का?"

ती म्हणाली, "रंग छान आहे, मामा. पण एकाही कुर्त्याला खिसा नाही. घराची किल्ली आणि बसचा पास मी कुठे ठेवू?"

दुकानदार हसून म्हणाला, "मुलींच्या कपड्यांना खिसा कशाला? त्यांच्याकडे पर्स असते ना!" भाचीने भावाच्या नव्या पँटकडे पाहिले. तिला चार खिसे होते.

दोघे एकाच बसने शाळेत जातात. घराची किल्ली दोघांकडेही असते. मग खिसा एकालाच का?

आजकाल टी-शर्ट, जीन्स, कुर्ता असे कपडे मुलगे आणि मुली दोघेही वापरतात. काही मोठ्या माणसांना हे आवडत नाही. "मुलगा कोण आणि मुलगी कोण, हे ओळखायचे कसे?" असे ते विचारतात. त्यांना ही नवी फॅशन वाटते. पण ही गोष्ट नवी नाही. 'पायजमा' हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. फारसीत 'पा' म्हणजे पाय आणि 'जामा' म्हणजे वस्त्र. या नावात स्त्री नाही, पुरुषही नाही. फक्त पाय आहे! सलवार-कमीज आपल्या उपखंडात स्त्रिया आणि पुरुष दोघेही घालतात. महाराष्ट्रातील शेतकरी स्त्री नऊवारी लुगड्याचा काष्टा घालून भातलावणी करते. तिच्या शेजारी धोतर नेसलेला शेतकरीही काष्टाच घालतो. चिखलात चालायचे तर पाय मोकळे हवेत, हे दोघांनाही ठाऊक असते.

जीन्सची गोष्टही अशीच आहे. ती मुळात मजुरांची पँट. कष्टाच्या कामात तिचे खिसे फाटत. म्हणून जेकब डेव्हिस या शिंप्याने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकले. लेव्ही स्ट्रॉस या व्यापाऱ्याच्या साथीने त्याने २० मे १८७३ रोजी अमेरिकेत या युक्तीचे पेटंट मिळवले. स्त्रियांसाठी खास जीन्स त्या कंपनीने १९३४ मध्ये काढली. म्हणजे आधी काम आले, मग कामाला शोभेल असा कपडा आला.

केरळमध्ये हा विचार शाळेत पोहोचला. डिसेंबर २०२१ मध्ये कोळिकोड जिल्ह्यातील बालुश्शेरी येथील एका सरकारी शाळेने अकरावीच्या मुलामुलींसाठी शर्ट-पँट हा एकच गणवेश सुरू केला. अनेक मुलींना तो सोयीचा वाटला. काही संघटनांनी मात्र विरोध केला. असा गणवेश कोणावरही लादला जाणार नाही, असे पुढे २०२२ मध्ये केरळ सरकारने स्पष्ट केले.

मला ही भूमिका योग्य वाटते. कपड्यांची सक्ती वाईट, मग ती जुन्या कपड्यांची असो की नव्या. एखाद्या मुलीला लांब कुर्ता आणि ओढणी हवी असेल, तर तिला ती मिळावी. दुसरीला शर्ट-पँट हवी असेल, तर तिलाही हसू नये. शिवाय समान कपडे म्हणजे मुलींनी मुलग्यांचे कपडे घालणे, एवढाच अर्थ का घ्यावा? कुर्ता-पायजमा आपल्याकडे दोघांचाही आहे. अंगभर, सैल आणि उन्हाळ्यात सुखाचा. एखाद्या मुलग्याने गुलाबी कुर्ता घातला, तर त्याची चेष्टा करण्याचेही कारण नाही.

मग कपडा निवडावा कसा? मला चार प्रश्न पुरेसे वाटतात. तो हवामानाला योग्य आहे का? त्यात धावता, बसता, सायकल चालवता येते का? आपल्याला त्यात संकोच वाटत नाही ना? तो घरच्यांच्या ऐपतीत बसतो का? "हा मुलग्यांचा की मुलींचा?" हा प्रश्न त्यानंतर आला तरी चालेल. एक फायदाही ध्यानात घ्या. दोघांना चालणारा कुर्ता थोरल्या बहिणीला तोकडा झाला, की धाकट्या भावाच्या अंगावर जातो.

त्या दिवशी भाचीने शेवटी एक निळा कुर्ता घेतला. वाटेत आम्ही शिंप्याकडे थांबलो. त्याने उरलेल्या कापडाचा खिसा अर्ध्या तासात शिवून दिला. भाचीने त्यात किल्ली टाकली, पास टाकला आणि दोन्ही हात मोकळे सोडून ती भावाच्या पुढे चालू लागली.

'खिसा' हा शब्दही फारसीतल्या 'कीसा'वरून मराठीत आला आहे. शब्दाला कोणी अडवले नाही. मग मुलींच्या कुर्त्यापर्यंत येताना खिशालाच का अडवावे?