फिट थई जशे!

प्रतापनगरहून डभोई रस्त्याला लागलं की बोडेली-छोटाउदेपूरकडून येणारे वाळूचे आणि डोलोमाइटचे ट्रक दिसतात. असा एक ट्रक आठवडाभर गॅरेजात उभा राहिला तर भाडं बुडतं, पण बँकेचा हप्ता थांबत नाही. त्यामुळे हवेच्या मॅनिफोल्डला तडा गेला की मालक नव्याची वाट बघत नाही, भंगारातल्या सारख्या इंजिनाचा शोधतो. मिस्त्री तो उलटसुलट करून बघतो आणि म्हणतो, "फिट थई जशे."

बऱ्याचदा होतोही, कारण ही इंजिनं खरंच एका घराण्यातली असतात. टेल्कोचा डेमलर-बेंझशी करार 1954 ते 1969 असा चालला, आणि टाटाच्या इंजिनांत ती परंपरा पुढेही टिकली. त्यांची नावंच बघा: 697 म्हणजे 6 सिलिंडर, 97 मिमी बोअर. 497 म्हणजे तोच बोअर, 4 सिलिंडर. दोघांचा स्ट्रोक 128 मिमी, म्हणून एक 5675 सीसीचं आणि दुसरं 3783 सीसीचं. 692 चा बोअर मात्र 92. पाच मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही, पॅकिंगला कळतो.

497 वर 697 चा अख्खा मॅनिफोल्ड बसणार नाही, हे उघड आहे. अदलाबदल होते ती एल्बो, होज, क्लिपा, स्टड यांची, किंवा 697 च्याच साध्या आणि टर्बो प्रकारांमध्ये. टाटा कमिन्सच्या 5.9 लिटरमध्ये तर गंमतच आहे. हवेची पेटी हेडमध्येच ओतलेली असते, वर नुसतं झाकण. तिथे बदलायचं म्हणजे झाकण आणि एल्बोच.

जुनं, टर्बो नसलेलं डिझेल इंजिन फार समजूतदार. ते हवा ओढून घेतं. पोर्ट थोडा पुढेमागे झाला तरी चालवून घेतं. टर्बो आला की मॅनिफोल्डमध्ये दाब असतो. साध्या इंजिनासाठीची होज फुगते, क्लिप निसटते, ट्रक चढावर काळा धूर सोडतो. तरी हा त्रास बरा, दिसतो तरी. टर्बोच्या आधीच्या नळीत फट राहिली तर धूर नाही, आवाज नाही. डभोई रस्त्यावरची धूळ फिल्टर चुकवून थेट आत जाते आणि लायनर-रिंगा घासत राहते. काही महिन्यांनी इंजिन ऑइल खायला लागतं आणि दोष ऑइल कंपनीला मिळतो. दोनशे रुपयांच्या होजपायी इंजिनचं काम निघतं.

आता माझ्या धंद्याकडे येतो. नव्या इंजिनांत मॅनिफोल्डवर दाब मोजणारा सेन्सर असतो. समजा मूळ सेन्सर 3 बारपर्यंतचा आहे आणि भंगारातल्या मॅनिफोल्डबरोबर 4 बारचा आला. प्लग तोच, भोक तेच, दोघेही अर्धा ते साडेचार व्होल्ट देणारे. खरा दाब 2 बार असताना नवा 2.5 व्होल्ट देईल. ईसीयूच्या तक्त्यात 2.5 व्होल्ट म्हणजे दीड बार. हवा कमी आहे असं समजून तो डिझेल आखडतो, गाडी ओढत नाही, आणि डॅशबोर्डवर दिवा लागेलच असं नाही. सॉफ्टवेअरमध्येही नेमकं हेच छळतं: दोन प्रोग्रॅम बिनतक्रार जोडले जातात, एक मीटर पाठवतो, दुसरा फूट समजतो. म्हणून भंगारातून मॅनिफोल्ड आणा, पण सेन्सर आपलाच काढून लावा.

बऱ्याच बीएस-6 गाड्यांत (1 एप्रिल 2020 नंतरच्या) ईजीआरचा धूरही याच वाटेनं परत येतो. ती वाट बंद करून जुना साधा मॅनिफोल्ड चढवायचा सल्ला कोणी दिला तर सरळ नाही म्हणा. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात बेकायदा फेरबदलाला मालकाला दर फेरबदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. मालकाला, मिस्त्रीला नव्हे!

घरी ट्रक असलेल्यांनी मिस्त्रीला एवढंच सांगायचं: नवं पॅकिंग दोन्ही फेसवर ठेवून बघ, भोकं जुळतात का आणि कड पोर्टच्या आत येते का. आणि काम चालू असताना पोर्टमध्ये कोंबलेल्या फडक्यांचे तुकडे आणि काढलेले नट-वॉशर मोजून ठेवा. स्टार्टर मारण्याआधी पुन्हा मोजा.