बुजवलेले खड्डे, सोडलेल्या विहिरी



श्रीरामपूर परिसरात प्रवरेच्या पाण्यावर ऊस वाढला, साखर कारखाने आले, मळीपासून मद्यार्क निघू लागला. एक लिटर मद्यार्कामागे ८ ते १५ लिटर तपकिरी सांडपाणी उरते. अस्तर नसलेल्या खड्ड्यात ते साठवले, की जमिनीत मुरते, विहिरीत उतरते. खड्डा बुजवला तरी मुरलेले तसेच राहते.

पंचनामा होतो तो सातबारावरच्या नावाला विचारून. पण पाणी कधी रंगले, डाळ कधीपासून शिजेना, हे पाणी भरणारीलाच ठाऊक! म्हणून मी सुचवते : वस्तीवस्तीवर जाऊन म्हाताऱ्या बायकांना विचारा, जुने खड्डे, सोडलेल्या विहिरी नकाशावर मांडा. मग २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तिथले तपासणी-अहवाल मागा. बाईची आठवण हाही पुरावाच आहे. तो कागदावर आणू या.