घरची कारागिरी : शिसे साच्यात नीट उतरत नाही तेव्हा

मिरग तोंडावर आला की नदी-खाडीकाठच्या घरांतून पाग बाहेर निघतात. कडेच्या शिशाच्या गोळ्या झिजलेल्या, गळालेल्या असतात. मग जुने शिसे वितळवून नव्या गोळ्या घरीच ओतल्या जातात. कधी गोळी अर्धीच भरते, कधी खरखरीत निघते. आपण साच्याला दोष देतो. पण खोट बहुधा आचेत नाही तर भेसळीत असते.

आधी आच पाहावी. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. गोळीवर सुरकुत्या पडल्या, कडा भरल्या नाहीत, तर शिसे किंवा साचा थंड आहे. उलट, वर निळी-जांभळी साय धरू लागली, काढली तरी लगेच पुन्हा आली, तर शिसे फार तापले आहे. लाकडे मागे ओढावीत. जास्त आचेने गोळी चांगली होत नाही. शिसे जळून मळी होते आणि विषारी धूर वाढतो.

आच बरोबर असूनही रस पिठल्यासारखा दाट राहिला, तर त्यात जस्त शिरले असे समजावे. जस्ताचा मुलामा दिलेली बादली, पत्र्याचे तुकडे किंवा टॉर्चच्या सेलची टरफले यांतून ते येते. जस्त वितळायला ४१९ अंश लागतात. म्हणून आच मंद ठेवली तर जस्ताचे तुकडे न विरघळता वर तरंगतात. ते लोखंडी पळीने काढून टाकावेत. एकदा मिसळले की घरी वेगळे करणे कठीण. तो घाणा बाजूला ठेवावा, चांगल्या शिशात मिसळू नये.

माती, दोऱ्याचे तुकडे वर येतात. मेणाचा लहानसा खडा टाकून ढवळले की मळी सुटी होते. मेण पेट घेते, तेव्हा तोंड दूर ठेवावे.

आता तीन गोष्टी पक्क्या ध्यानात धराव्यात. ओले शिसे किंवा ओली पळी रसात कधीही घालू नये. थेंबभर पाण्याची एकदम वाफ होऊन तापलेले शिसे अंगावर उडते. बॅटरीच्या जुन्या प्लेटा घरी मुळीच वितळवू नयेत. त्यांत आम्ल आणि विषारी भुकटी असते. आणि हे काम चुलीवर, स्वयंपाकाच्या भांड्यात करू नये. अंगणापलीकडे, वाऱ्याकडे पाठ करून करावे. पोरेबाळे आणि गरोदर बाई जवळ नसावी.

काढलेली मळी उकिरड्यावर टाकू नका. गुरे ती चाटतात. शिशाच्या विषाने आंधळी होतात, झटके येऊन मरतात. मुलांच्या पोटात थोडे गेले तरी त्यांच्या बुद्धीची वाढ खुंटते. मळी झाकणाच्या डब्यात भरून, वर खूण करून, मुलांच्या व गुरांच्या आवाक्याबाहेर ठेवावी. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, कपडे वेगळे धुवावेत, मगच भाकरीला हात लावावा.

गोळी बिघडली तर पुन्हा ओतता येते. घरातले माणूस किंवा दावणीचे जनावर तसे नाही.