कालवा पोचला तिथवर

बालमित्रांनो, आमचा हिंगोली जिल्हा तुमच्या आईबाबांहून लहान बरं का! १ मे १९९९ रोजी तो परभणीतून वेगळा झाला. तालुके पाच, आणि २०११ च्या जनगणनेत माणसं सुमारे ११ लाख ७७ हजार.

पूर्णा नदीवरच्या येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचं पाणी कालव्याने वसमतच्या काळ्या जमिनीत येतं. तिथे हळद जोमात. जूनमध्ये लावायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये खणायची, मग शिजवायची, वाळवायची, ढोलात घोळून चकचकीत करायची. हात, कपडे, अंगण, सगळं पिवळं! या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे आता दुसरीकडची हळद 'वसमतची' म्हणून विकता येत नाही.

सेनगावकडे मात्र माळरान. सोयाबीन आणि तूर, तीही बहुतेक पावसाच्या भरवशावर. पाऊस रुसला की दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात. आजीजवळ राहिलेली मुलं शाळेत येतात; आईबाबांबरोबर कोपीवर गेलेल्यांची जागा रिकामी. हजेरी घेताना त्यांची नावं मी तरीही वाचतो.

जिल्ह्याचा नकाशा काढा. पूर्णा निळ्या पेन्सिलीने रंगवा. कालवा कुठे थांबतो, तेही बघा.