टेकडी म्हणजे रिकामी कुंडी नव्हे

दर जूनमध्ये आमच्या ऑफिसात टेकडीवर सीडबॉल फेकायचा कार्यक्रम असतो. टी-शर्ट, वडापाव, ग्रुप फोटो. तीन वर्षांपूर्वी मीही गेले होते. गोळ्यांत कशाचं बी आहे, असं विचारलं तर उत्तर आलं, "रानफुलं, मिक्स." त्या पावसाळ्याअखेर तिथे केशरी कॉसमॉस फुलला आणि सगळे पुन्हा फोटो काढायला गेले.

कॉसमॉस मूळचा मेक्सिकोचा. एका हंगामात उगवतो, फुलतो, भरपूर बी सांडतो आणि पुढच्या वर्षी आणखी जागा धरतो. पुण्याच्या टेकड्या 'उजाड' म्हणून त्यांच्यावर लावलेली ग्लिरिसिडियाची झाडंही तिकडचीच. पण त्या उजाड नव्हत्याच, गवताळ होत्या. गवताच्या बुडाशी कंद झोपलेले असतात आणि उन्हाळ्यात वर काहीच दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीला आपण रिकामी जागा म्हणतो.

त्याच दिवाळीत मावशीच्या शेताच्या बांधावरून कळलावीच्या दोन शेंगा आणल्या. जूनमध्ये बाल्कनीतल्या कुंडीत लाल बिया पेरल्या. काही महिन्याने उगवल्या, काही थेट पुढच्या पावसाळ्यात. पहिल्या वर्षी दोन-तीन पानं आली, तीही ऑक्टोबरात वाळली. आई म्हणाली, "मेलं गं ते, कुंडी मोकळी कर." उकरलं तर शेंगदाण्याएवढा कंद. (सगळं झाड विषारी, कंद तर फारच, घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर हा नाद नको.) दुसऱ्या वर्षी पानांची टोकं वळून आधार शोधू लागली. यंदा तिसरा पावसाळा. फूल अजून नाही. बियांपासून लावलेल्या कळलावीला तीन-चार वर्षं लागतातच, आणि आमच्याकडे सगळं दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये मोजतात.

"निदान काहीतरी करतायत ना?" हे मला नेहमी ऐकवलं जातं. पण बी काही कोऱ्या कागदावर पडत नाही. जिथे पडतं तिथे आधीपासून कोणीतरी राहत असतं. हौस असेल तर कुंडीत लावा, सोसायटीच्या कुंपणाला लावा, आणि बी बांधावरून आणा, तेही मूठभर. कासच्या पठारावरून नको. टेकडीला आपल्या गोळ्यांची गरज नाही. तिथली आग, राडारोडा आणि खोदकाम थांबवायला माणसं हवी आहेत. त्यात फोटो बरे येत नाहीत, एवढंच.

या जूनचंही आमंत्रण आलं. गोळ्यांतल्या बियांची यादी पाठवा, असं मी उलट कळवलं. टी-शर्टचा साइज विचारणारा मेल आला. यादी आलेली नाही.