जुनी बोट : रंग नव्हे, तळ आणि कागद

खानदेशाला समुद्र नाही, परंतु तापीवरील हतनूर, जळगाव जिल्ह्यातील वाघूर आणि धुळ्याकडे पांझरेवरील अक्कलपाडा असे जलाशय आहेत. त्यामुळे किनाऱ्यावरील एखादी वापरलेली शिडाची छोटी बोट आणून कुटुंबासह जलविहार करण्याची कल्पना जळगाव-धुळेकरांना अगदीच परकी वाटू नये. मात्र हौसेपुढे जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो.

बोटीचे वय रंगावरून नव्हे, तर पाण्याखालच्या भागावरून कळते. फायबरच्या तळावरील फोड, खाऱ्या पाण्याने आतून गंजलेले इंजिन, उन्हाने विरलेले शीड यांच्या दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या किमतीत दिसत नाही. शिवाय उन्हाळ्यात जलाशय आटतात आणि खोल, स्थिर कील असलेली बोट गाळात रुतते. वर उचलता येणारी कीलच येथे उपयोगाची.

कागदपत्रे त्याहून महत्त्वाची. १९१७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यंत्रचलित बोटींची तपासणी व नोंदणी अनिवार्य आहे. बिनयांत्रिक बोटींची नोंद स्थानिक पातळीवर करण्याची तरतूद आहे. जलाशय ज्या यंत्रणेच्या ताब्यात असेल, तिची परवानगीही विचारून घ्यावी.

२०१९ च्या मकरसंक्रांतीच्या दिवसांत, १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या नंदुरबारमध्ये नर्मदेत बोट उलटून भाविकांचे प्राण गेले. कायदा पुस्तकात असून भागत नाही. तो घाटापर्यंत पोहोचला पाहिजे. तोवर खरेदीदारानेच तळ तपासावा, कागद मागावेत आणि प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असल्याखेरीज दोर सोडू नये.